टांगता भार

हिद्दच्या गोदीत, क्रेनच्या पायथ्याशी पाटी आहे,
चार भाषांत एकच वाक्य:
टांगत्या भाराखाली उभे राहू नका.
मराठी त्यात नाही. ती मी मनात लिहून घेतो,
एकोणीस वर्षं, रोज, शिडी चढताना.

रात्री कॅम्पवर, खोली नंबर बावीसमध्ये,
अर्नेल माझं मधलं बोट चिमटीत धरून उचलतो
आणि अनामिका शेजारच्या पट्टीवर दाबतो.
'सस्पेंडेड,' म्हणतो. 'सस फोर.'
दिवसा तो स्टोअरमध्ये शॅकल मोजतो,
शुक्रवारी चर्चच्या हॉलमधला खरा पियानो त्याचा.
आमचा हा मुहर्रकच्या बाजारातला, बावीस दिनारचा,
विकणारा कोलंबोला परत चालला होता.
त्याच्या पोरीने पट्ट्यांवर चिकटवलेले तारे
अजून निघालेले नाहीत. लाल तारा म्हणजे सी.

सी, एफ, जी.
मला सा, म, प ऐकू येतं.
देवरुखला मामा पेट्या दुरुस्त करायचे,
मला सूर आधी कळले, एबीसी नंतर.
मधला गंधार काढून घेतलाय.
शुद्ध असता तर हसलो असतो, कोमल असता तर,
जाऊ दे. तो नाहीच,
त्यामुळे अजून काहीच ठरलेलं नाही.
मामा असते तर भात्यावरची धूळ झटकत म्हणाले असते,
बरंय की, ग ची बाधा तरी नाही.

बोटांना नावं ठेवणारा इथवर येऊन कंटाळला असणार.
अंगठा दाखवता येतो, तर्जनी उगारता येते,
करंगळी वर केली की मास्तर सोडायचे.
हिच्याकडे फक्त अंगठी.
तीही मी केबिनमध्ये चढण्याआधी काढून ठेवतो.
आता पंचेचाळिसाव्या वर्षी हिला वजन पेलायला सांगतोय.
थरथरते. एकटी उठत नाही, मधल्याला ओढते.
हेडफोन मला, बाकीच्यांना नुसती
प्लास्टिकवरची टकटक.
मुरुगेशन पांघरुणातून विचारतो,
टायपिंगची परीक्षा कधी आहे?

फोनवर सुलभाला ऐकवलं.
सा म प. थांबलो.
ती म्हणाली, पुढे?
म्हटलं, एवढंच.
'असं कसं एवढंच?'
मग तिकडे कुकरची शिट्टी झाली,
दुसरीही झाली,
आम्ही दोघं तिसरीची वाट बघत राहिलो.

मंगळवारी शमाल उठला.
अकरा टनांचा पंप, जमिनीपासून तेवीस मीटरवर.
वाऱ्याचा काटा लाल पट्ट्यात.
खाली जहाज हलत होतं, ठेवायला जागा नव्हती.
झाहिदने हात आडवा केला: थांब.
चाळीस मिनिटं.
सहज लिव्हरवरच्या हाताकडे पाहिलं:
अंगठा, अनामिका, करंगळी.
मधलं बोट वर, आपणहून.
दोर इतका ताठ की स्थिर वाटावा,
पण तो आतल्या आत वाजत होता,
मला तो मांड्यांत कळत होता, सीटमधून.
नुसतं धरून ठेवणं हेही एक काम असतं,
पगाराच्या कागदावर त्याला रकाना नाही.
मग वारा पडला.
पंप डेकवर असा टेकला
की झाहिदने हात लावून खात्री केली.

त्या रात्री हेडफोनची पिन उपटली.
सा म प, दोन्ही हातांनी.
अनामिका थरथरली नाही.
आवाज विरत विरत संपला, उतरला मात्र नाही,
आणि मी तसाच उठून डबा धुवायला गेलो.
नळ सोडला. साबण नव्हता, राख नव्हती,
बोटांनीच तेल काढत बसलो.
मागे खाट करकरली.
अर्नेल वरून उतरला, बनियनवर, डोळे मिटलेले,
चाचपडत लाल तारा शोधला
आणि सा ग प दाबलं. एकदाच.
'प्लीज,' म्हणाला, 'माणसं झोपलीत.'
आणि परत वर चढला.